मंडळीचा पाळक ओळखावा कोणी?

ख्रिस्ती मंडळीच्या कारभारासंबंधी गेल्या दोन हजार वर्षांत जे वाद झाले, त्यांतील बहुतेक वाद अधिकार कोणाचा या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिले. बिशप श्रेष्ठ की वडीलमंडळ श्रेष्ठ, रोमचा शब्द अखेरचा की गावच्या मंडळीचा, यांवर ग्रंथालये भरतील इतके लिखाण झाले. परंतु त्या अधिकारपदावर बसण्यास लायक माणूस ओळखावा कसा, आणि मुख्य म्हणजे तो ओळखण्याचे काम कोणी करावे, हा प्रश्न त्या मानाने उपेक्षितच राहिला. वास्तविक कारभाराची घटना कितीही निर्दोष असली तरी माणूस चुकीचा नेमला गेला म्हणजे ती निरुपयोगी ठरते, आणि माणूस योग्य असला तर सदोष घटनेतूनही बरेच काम निभावून जाते, हा अनुभव कोणत्याही पंथाच्या जुन्या सभासदाला असतो. या प्रश्नाचा इतिहास चाळून पाहता माझे जे मत बनले आहे ते आधीच नमूद करतो. नेत्याच्या अंगी कोणते गुण असावेत याबद्दल ख्रिस्ती जगात खरा मतभेद फारसा कधी नव्हता. घोटाळा झाला तो गुणांची पारख करणारा माणूस उमेदवाराच्या रोजच्या आयुष्यापासून किती अंतरावर बसला होता, यामुळे.

इब्री शास्त्रातच या घोटाळ्याची पहिली उदाहरणे आहेत. इस्राएलाचा पहिला राजा शौल हा सर्व लोकांहून खांद्यापासून वर उंच होता, आणि त्या उंचीचा परिणाम लोकांवर व्हायचा तो झाला. पुढे शमुवेल संदेष्टा इशायाच्या घरी गेला तेव्हा थोरल्या मुलाचा बांधा पाहून तोही त्याच मोहात पडण्याच्या बेतात होता, आणि ज्याला राजा व्हायचे होते तो धाकटा मुलगा मेंढरांमागे असल्यामुळे त्याला घरच्यांनी बोलावलेसुद्धा नव्हते. याउलट मोशेच्या सासऱ्याने, इथ्रोने, जावयाला जो सल्ला दिला तो एखाद्या मुरलेल्या कारभाऱ्याला शोभेल असा आहे : देवाचे भय बाळगणारी, खरी आणि लाचेचा तिटकारा असणारी माणसे पाहून त्यांना हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नायक नेम. दहा माणसांवरचा नायक त्या दहांच्या राहुट्यांपासून दूर राहूच शकत नाही, हे या व्यवस्थेतले मर्म आहे.

नव्या करारात येशूच्या पश्चात झालेली पहिली नेमणूक चिठ्ठ्या टाकून झाली. यहूदाच्या जागी बारावा प्रेषित नेमताना पेत्राने घातलेली अट विद्वत्तेची नव्हती, वक्तृत्वाचीही नव्हती. योहानाच्या बाप्तिस्म्यापासून शेवटपर्यंत जे आमच्याबरोबर वावरले, त्यांच्यापैकीच कोणी असावा, एवढीच ती होती. या अटीत बसणारे योसेफ बर्सबा आणि मत्थिया असे दोघे पुढे करण्यात आले आणि मगच चिठ्ठी टाकली गेली. चिठ्ठी पडण्यापूर्वी सहवासाची चाळणी लागून गेली होती, ही गोष्ट चिठ्ठीवर हसणारे विसरतात. त्यानंतर प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात जो प्रसंग येतो तो तर या विषयाचा पायाच म्हटला पाहिजे. रोजच्या अन्नवाटपात ग्रीकभाषी विधवांची हेळसांड होते अशी तक्रार आली. प्रेषितांनी तक्रार दडपली नाही आणि स्वतःच्या मर्जीतली माणसेही नेमली नाहीत. ज्यांच्याबद्दल चांगला बोलबाला आहे अशी सात माणसे तुम्हीच शोधून काढा, असे त्यांनी सगळ्या समुदायाला सांगितले आणि समुदायाने निवडलेल्यांवर हात ठेवून त्यांना नेमले. निवडलेल्या सातांची नावे पाहिली तर ती सर्व ग्रीक आहेत, आणि त्यांतला एक, अंत्युखियाचा निकलाव, हा तर जन्माने यहूदीसुद्धा नव्हता. ज्या गटाची तक्रार होती त्याच गटाच्या भाषेतली माणसे बहुसंख्य समाजाने कोठीवर बसवली. आपल्याकडे कोणत्याही संस्थेत, ख्रिस्ती असो वा नसो, असे घडल्याचे दाखले विरळाच सापडतील.

पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातील यादी अनेकांच्या तोंडपाठ असते, परंतु ती पाठ असणे आणि तिचा रोख ध्यानात येणे या भिन्न गोष्टी आहेत. अध्यक्ष हा निर्दोष, एका पत्नीचा पती, नेमस्त, अतिथिप्रिय, मद्यपानापासून दूर, मारका नसलेला, द्रव्यलोभ नसलेला आणि आपल्या घराची व्यवस्था नीट ठेवणारा असावा, अशी ही मालिका आहे. एवढ्या लांबलचक मालिकेत ज्याला कौशल्य म्हणता येईल असा गुण एकच आहे, तो म्हणजे शिकवण्याची हातोटी. बाकी सर्व वर्तणूक आहे. शिवाय ही वर्तणूक व्यासपीठावरून दिसणारी नव्हे. माणूस दारू किती पितो, हात उगारतो का, पाहुण्याला दारातून परत पाठवतो का, उसने घेतलेले पैसे फेडतो का, हे घरच्यांना, शेजाऱ्यांना आणि वाण्याला ठाऊक असते. म्हणूनच बाहेरच्या लोकांकडून, म्हणजे मंडळीचे सभासद नसलेल्यांकडूनही, त्याच्याबद्दल चांगली साक्ष मिळाली पाहिजे अशी शेवटची अट तेथे आहे; आणि सेवकांची तर आधी पारख व्हावी, मग त्यांनी काम करावे, असे स्पष्टच म्हटले आहे. पुढे पाचव्या अध्यायात, कोणावर हात ठेवण्याची घाई करू नकोस, ही ताकीद येते.

याच यादीत उमेदवार नवशिका नसावा अशी अट आहे, आणि येथे एक सूक्ष्म भेद आहे, ज्याकडे भाष्यकारांचे लक्ष गेले असले तरी मंडळ्यांच्या कमिट्यांचे सहसा जात नाही. क्रेत बेटावर असलेल्या तीताला जवळजवळ तीच यादी लिहून पाठवताना नवशिक्याची अट गाळलेली आहे. तीमथ्य जेथे होता ती इफिसची मंडळी तोवर जुनी झाली होती; क्रेतात सगळेच नवे होते. लुस्त्र, इकुन्य आणि अंत्युखिया येथेही पौल आणि बर्णबा यांनी परतीच्या वाटेवर प्रत्येक मंडळीत वडील नेमले तेव्हा तेथील कोणाच्याही विश्वासाला फार काळ लोटलेला नव्हता. मग त्या नेमणुका उतावळ्या होत्या काय? मला तसे वाटत नाही. विश्वास नवा असला तरी माणसे जुनी होती. गावाने त्यांना लहानपणापासून पाहिले होते. ओळखीला लागणारा काळ निघून गेलेलाच होता.

यानंतरच्या पहिल्या काही पिढ्यांत मंडळ्यांना फिरत्या संदेष्ट्यांचा उपद्रव होऊ लागला. 'दिदाखे' नावाची एक छोटी प्राचीन पुस्तिका १८७३ साली कॉन्स्टंटिनोपलला सापडली, तीत यावर दिलेले उपाय मोठे व्यवहारी आहेत. आलेला पाहुणा उपदेशक गरज पडल्यास दोन दिवस राहू शकतो, तिसऱ्या दिवशीही मुक्काम ठोकून राहिला तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी घ्यावी, पैसे मागितले तर तो खोटा. आणि थोडे पुढे, तुमचे अध्यक्ष आणि सेवक तुम्ही स्वतः निवडा, असा सल्ला आहे. आज मोठमोठी मैदाने भाड्याने घेऊन होणाऱ्या सभांच्या चालकांना तीन दिवसांचा हा नियम लावून पाहण्यास कोणाची हरकत नसावी.

चौथ्या शतकात मंडळीला राजाश्रय मिळाला, बिशपपदाला प्रतिष्ठा आली, आणि प्रतिष्ठेबरोबर उमेदवारही आले. ३२५ सालच्या नायसिया येथील परिषदेने नुकत्याच बाप्तिस्मा घेतलेल्यांना पदावर चढवण्यास बंदी केली आणि नव्या बिशपाच्या दीक्षेस निदान तीन बिशप हजर असलेच पाहिजेत असा दंडक घातला. यानंतर पन्नास वर्षेही झाली नसतील तोच, ३७४ साली, मिलान येथे हा नियम उघडउघड मोडला गेला. बिशपाची जागा रिकामी झाली होती, दोन पक्ष हातघाईवर आले होते, आणि दंगा होऊ नये म्हणून प्रांताचा सुभेदार अँब्रोज स्वतः चर्चमध्ये येऊन लोकांची समजूत घालू लागला. तो बोलत असतानाच त्याच्याच नावाचा घोष सुरू झाला. या सुभेदाराचा अद्याप बाप्तिस्मासुद्धा झालेला नव्हता. त्याने नाना प्रकारे सुटका करून घेण्याचा यत्न केला, तो निष्फळ झाला, आणि आठवड्याभरात बाप्तिस्म्यापासून बिशपपदापर्यंतचे सर्व टप्पे त्याच्याकडून पार करवून घेण्यात आले. पुढे याच अँब्रोजने थेस्सलनीकातील कत्तलीबद्दल सम्राट थिओडोसियसला पश्चात्ताप करावयास लावले. कायदा मोडून केलेली ही निवड इतिहासातील उत्तम निवडींपैकी एक ठरली, आणि त्याचे कारण शोधावयास फार लांब जाण्याची गरज नाही : ज्या लोकांनी घोष केला त्यांनी या माणसाचा इन्साफ, त्याची निःपक्षपाती वृत्ती आणि स्वच्छ हात ही त्याच्या अमदानीत प्रत्यक्ष अनुभवली होती.

३९१ साली हिप्पो गावात ऑगस्टीनवर असाच प्रसंग गुदरला. तो एका मित्राला भेटावयास आला असता लोकांनी त्याला धरून वृद्ध बिशप व्हॅलेरियसपुढे उभे केले आणि तो रडत असताना त्याला दीक्षा देवविली. त्या काळी पद टाळणे हेच योग्यतेचे चिन्ह मानले जाऊ लागले होते. योहान क्रिसोस्तोमने तर आपल्या मित्राला गाफील ठेवून स्वतः दीक्षेतून अंग काढून घेतले आणि त्या कृत्याच्या समर्थनार्थ याजकपदावर एक नितांतसुंदर ग्रंथ लिहिला. परंतु कोणतेही चिन्ह एकदा लोकमान्य झाले की त्याचे सोंग आणणारे निघतातच. पोप पहिला ग्रेगरी याने सहाव्या शतकाच्या अखेरीस पाळकांसाठी जे मार्गदर्शन लिहिले त्यात त्याने दोन्ही बाजूंस चिमटा काढला आहे : देहाचे औषध ज्याला ठाऊक नाही तो स्वतःला वैद्य म्हणवून घ्यावयास लाजतो, पण आत्म्याचा वैद्य होण्यास मात्र कोणीही सरसावतो, आणि सर्वांनी बोलावूनही जो हट्टाने नकारच देतो त्याच्या नम्रतेतही अहंकार लपलेला असू शकतो. या विषयावर पुढे जे जे लिहिले गेले त्यात ग्रेगरीच्या या दुहेरी सावधगिरीच्या पलीकडे फारसे काही नाही, असे माझे मत आहे.

मध्ययुगाचा वृत्तांत थोडक्यात आटोपता येईल, कारण तो एकसुरी आहे. लोकांचा घोष हळूहळू नामधारी झाला. राजे, सरदार आणि घराणी बिशप नेमू लागली. पदे विकली गेली. अकराव्या शतकातील सुधारकांनी ही विक्री बंद पाडण्यासाठी कंबर कसली आणि १०५९ साली पोपची निवड कार्डिनलांच्या हाती दिली. सरदारांचा हात दूर झाला खरा, परंतु त्याबरोबर सामान्य लोकांचाही झाला. १५६३ साली ट्रेंटच्या परिषदेने प्रत्येक धर्मप्रांतात सेमिनरी, म्हणजे याजक घडवणारे विद्यालय, असावी असा ठराव करून अज्ञानी याजकांचा प्रश्न बराचसा सोडवला, आणि नकळत एक नवाच प्रश्न निर्माण केला : मुलगा कोवळ्या वयात घरातून उचलला जाई आणि त्याची पारख आता गावाऐवजी त्याचे प्राध्यापक करीत. प्रोटेस्टंटांमध्ये कॅल्व्हिनने अंतर्यामी आलेले पाचारण आणि मंडळीने दिलेले बाह्य पाचारण असा भेद करून, दुसऱ्यावाचून पहिल्याला व्यवहारात किंमत नाही असे ठरवले. जॉन वेस्ली या बाबतीत सर्वांत सुटसुटीत होता. १७४६ साली त्याच्या उपदेशकांच्या परिषदेत ज्या कसोट्या ठरल्या त्या तीनच : कृपा आहे काय, देणगी आहे काय, फळ आहे काय. यांतील तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर उमेदवाराला स्वतः देताच येत नाही. ते ज्यांनी त्याचा उपदेश ऐकला त्यांच्या आयुष्यातच शोधावे लागते.

चिठ्ठीची जुनी रीत मात्र निदान दोन ठिकाणी अजून जिवंत आहे, आणि तिचा विचार केल्यावाचून हा आढावा पुरा होणार नाही. इजिप्तच्या कॉप्टिक मंडळीत २०१२ साली नवा मुख्य धर्माध्यक्ष निवडताना मतदानाने तीन नावे उरवण्यात आली, त्यांच्या चिठ्ठ्या वेदीवर ठेवल्या गेल्या, आणि डोळे बांधलेल्या एका मुलाने त्यांतील एक उचलली. ती दुसऱ्या तवाद्रोस यांची निघाली. अमेरिकेतील आमिश शेतकऱ्यांत रीत याहून साधी आहे. सभासद एकेक करून आपल्या मनातले नाव वडिलांच्या कानात सांगतात. ज्यांची नावे पुरेशा लोकांनी सुचवली असतील त्यांच्यापुढे तितकीच स्तोत्रपुस्तके ठेवली जातात. एकात चिठ्ठी असते. ज्याच्या हाती ते पुस्तक येते तो जन्मभर बिनपगारी पाळक होतो. अशा व्यवस्थेत पदासाठी खटपट करणे अशक्यच होते. चिठ्ठी येथे पारख करीत नाही, ती पारखीनंतरची चढाओढ मात्र मोडून काढते. आणि आपल्याकडील काही धर्मप्रांतांच्या निवडणुका पाहिल्या म्हणजे ही रीत वाटते तितकी भाबडी राहत नाही.

आता आपल्याकडे वळू. गोव्यात सतराव्या शतकात सेमिनऱ्या होत्या, कोंकणी-मराठी जाणणारे एतद्देशीय याजक होते, विद्वत्ता होती. नव्हता तो त्यांच्याकडे पाहणाऱ्या डोळ्यांत विश्वास. दिवाडी बेटावरचा मातेउस द कास्त्रो याला गोव्याच्या आर्चबिशपाने दीक्षा नाकारली, तेव्हा तो थेट रोमला गेला, तेथे त्याला दीक्षा मिळाली, आणि १६३७ साली रोमने त्याला बिशप करून विजापूरच्या आदिलशाही मुलखासाठी नेमले. गोव्यातील पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्याचा अधिकार अखेरपर्यंत मानला नाही. जे हजार कोसांवरून रोमला दिसले ते मांडवीच्या काठी बसलेल्यांना दिसले नाही. माझ्या मूळ मताला हे उदाहरण विरोधी आहे असे कोणी म्हणेल; परंतु अंतर कोसांनीच मोजायचे असते असे नाही, वर्णाच्या आणि सत्तेच्या अभिमानाने शेजारी बसलेला माणूसही फार दूर जातो. पुढे १७८७ साली गोव्यात पिंटोंचे बंड म्हणून जो कट उघडकीस आला, त्याच्या मुळाशी एतद्देशीय याजकांना वरची पदे नाकारली जात असल्याचा असंतोष होता. या दोहोंच्या मध्ये बाणावलीचा जोझे वाझ होऊन गेला. तो १६८७ साली मजुराच्या वेषात डचांच्या ताब्यातील सिंहलद्वीपात शिरला, आणि बिशपपद नसताना तेथील विखुरलेली मंडळी त्याने मरेपर्यंत, म्हणजे १७११ पर्यंत, सांभाळली. रोमने त्याला २०१५ साली संतपद दिले. सिंहलद्वीपातील कँडीच्या लोकांना मात्र तो कोण आहे हे तीन शतकांपूर्वीच कळले होते.

महाराष्ट्रात १८१३ साली मुंबईस अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले आणि १८३१ पासून अहमदनगर हे त्याचे मुख्य ठाणे बनले. पहिली काही दशके मिशनऱ्यांच्या मनात एकच शंका होती, एतद्देशीय माणसावर मंडळी सोपवावी की नाही. आणि ती शंका सद्हेतूने बाळगलेली असली तरी तिचे परिणाम वाईट झाले. १८५४-५५ साली हे मिशन चालवणाऱ्या अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन हे हिंदुस्थानात आले, तेव्हा इंग्रजी शाळांवरचा भर कमी करावा, खेडोपाडी लहान लहान मंडळ्या स्थापाव्यात, आणि त्यांवर त्याच मातीतले पाळक नेमावेत, असा त्यांनी आग्रह धरला. नगरास रामकृष्णपंत मोडक आणि हरिपंत यांच्यासारख्यांना दीक्षा मिळाली. तिकडे स्कॉटिश मिशनमध्ये नारायण शेषाद्री पुढे आले, ज्यांनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले. बाबा पदमनजींनी पुण्यात काही वर्षे पाळकपद सांभाळले. ही माणसे थोर होती, याबद्दल वाद नाही. परंतु या पहिल्या मालिकेतील बहुतेक जण ब्राह्मण अथवा तत्सम शिक्षित घरांतून आलेले होते, आणि नगर जिल्ह्यातील मंडळ्या मात्र वाढल्या त्या मुख्यतः महार आणि मांग वस्त्यांतून. मिशनऱ्यांना पुस्तकी विद्या चटकन ओळखता येत होती. वस्तीत भांडण लागले असता ज्याच्या शब्दाने काठ्या खाली ठेवल्या जात, अशा एखाद्या निरक्षर म्हाताऱ्याचे वजन त्यांना दिसणे कठीण होते. त्यांच्याही लक्षात हे हळूहळू आले आणि वस्तीतून आलेले शिक्षक पुढे पाळक झाले. पण तोवर दुसरी एक गोष्ट पक्की होऊन बसली होती, ती म्हणजे पगार. उपदेशकाची नेमणूक साहेब करी, पगार मिशनच्या दप्तरातून मिळे, बदली आणि बडतर्फीही तेथूनच होई. साहजिकच उमेदवाराचे डोळे बंगल्याकडे लागले आणि मंडळीकडे पाठ झाली. कोणाचा भात कोण शिजवतो यावर कोण कोणाची पारख करतो हे अवलंबून असते, हे अँडरसनना कळले होते. म्हणूनच पाळकाचा पगार गावाच्या ऐपतीत बसणारा असावा असे ते म्हणत. त्यांचे म्हणणे अर्धेच अमलात आले.

नारायण वामन टिळक यांचे उदाहरण या सर्व हिशेबाला मुरड घालणारे आहे. तीमथ्याच्या यादीतील घराची व्यवस्था हे कलम काटेकोरपणे लावले तर टिळक नापासच होतील. पैसा त्यांच्या हाती टिकत नसे, कधी कुठे निघून जातील याचा भरवसा नसे, आणि १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो पत्नीला मागे ठेवून. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त हे सारे ज्या मिस्किल आणि निर्भीड प्रामाणिकपणाने सांगितले आहे, तसे प्रशस्तिपत्र क्वचितच कोणा पाळकाला त्याच्या घरातून मिळाले असेल. तरीही १९०४ साली त्यांना दीक्षा देणाऱ्यांची चूक झाली असे म्हणवत नाही. मराठी ख्रिस्ती माणसाला स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या चालीत प्रार्थना करता यावी ही भूक त्यांनी ओळखली, आणि त्यांची भजने आजही मराठी मंडळ्यांत गायिली जातात. माझे अनुमान असे की मिशनने त्यांच्यात एक बुद्धिमान सहायक ओळखला, लोकांनी एक संत ओळखला, आणि या दोन ओळखींत जे अंतर होते त्यामुळेच १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' उभारला. दोनच वर्षांत त्यांचा अंत झाल्यामुळे तो प्रयोग कसाला लागला नाही.

दक्षिणेत याच सुमारास वेदनायकम सॅम्युएल अझरायाह यांची निवड झाली. ते वाय.एम.सी.ए.चे चिटणीस म्हणून देशभर हिंडले होते, तमिळ मंडळीचे मिशनरी म्हणून तेलुगू मुलखातील डोर्नकलला जाऊन राहिले होते, आणि १९१२ च्या डिसेंबरात कलकत्त्यास त्यांना अँग्लिकन मंडळीचा पहिला हिंदी बिशप म्हणून दीक्षा मिळाली. विरोध करणाऱ्यांत मिशनरी होते आणि काही हिंदी ख्रिस्तीही होते. मद्रासचे बिशप व्हाइटहेड मात्र ठाम राहिले, कारण ते या माणसाला ओळखत होते. गंमत अशी की त्याच साली रोलंड ॲलन या चीनमधून परतलेल्या मिशनऱ्याचे पौलाच्या कार्यपद्धतीवरील पुस्तक प्रसिद्ध झाले, आणि त्यात परकी मिशनांनी स्थानिक माणसावर विश्वास टाकण्यास लावलेल्या विलंबावर कडक टीका होती. अझरायाहांनी १९४५ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, ते पद सांभाळले आणि खेड्यातील अस्पृश्य समाजातून आलेल्या शिक्षकांवर आपल्या धर्मप्रांताची उभारणी केली.

स्त्रियांच्या बाबतीत तर ओळख आणि मान्यता यांची ताटातूट सर्वांत लांबली. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात पौल किंख्रियाच्या मंडळीची सेविका फीबी हिची शिफारस करतो. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात शेकडो स्त्रियांचा संसार उभा केला आणि बायबलचे मराठी भाषांतर केले, तरी कोणत्याही मंडळीने त्यांना दीक्षा देण्याचा विचार केला नाही. खेड्यांतून हिंडणाऱ्या बायबल-बाया घरोघरच्या दुःखांच्या जितक्या जाणकार असत तितका कोणताच पाळक नसे. दक्षिण भारत मंडळीत स्त्रियांना दीक्षा मिळू लागली ती १९७० नंतरच्या दशकात, आणि तिच्या पहिल्या स्त्री बिशप, एगोनी पुष्पललिता, यांना २०१३ साली नंद्याळ येथे पद मिळाले. रोमन कॅथलिक आणि पूर्वेकडील पुरातन मंडळ्यांत याजकपदाचा दरवाजा त्यांना अद्याप बंद आहे.

आजच्या स्थितीबद्दल बोलताना हात आखडता घेण्याचे कारण नाही. १९७० साली नागपुरास उत्तर भारत मंडळी स्थापन झाली, तिच्या घटनेत निवडीची सर्व यंत्रणा आहे. तरीही मिशनांनी मागे ठेवलेल्या जमिनी, शाळा आणि दवाखाने यांच्यामुळे देशातील अनेक धर्मप्रांतांत पदाची निवडणूक ही मालमत्तेच्या मुखत्यारीची निवडणूक होऊन बसली आहे, आणि तिचे निकाल दिवाणी न्यायालयांत लागतात. स्वतंत्र मंडळ्यांत दुसरेच दुखणे आहे. बापाने स्थापलेली मंडळी मुलाकडे, मुलाकडून सुनेकडे, असे पाळकपदाचे वतन चालू झाले आहे. आणि जेथे वतन नाही तेथे ध्वनिक्षेपकासमोरचे वक्तृत्व हीच कसोटी मानली जाते. सेमिनरीची पदवी ही तिसरी कसोटी. पदवीला माझा विरोध नाही. पुण्यास कॅथलिकांची पेपल सेमिनरी १९५५ पासून आणि प्रोटेस्टंटांची युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ पासून आहे, आणि तेथून निघालेल्या विद्वान सेवकांनी मंडळीचे ऋण फेडले आहे. परंतु पदवीदान समारंभात उमेदवार दारू पितो की नाही हे कोणी विचारत नाही.

कॅथलिक मंडळीत बिशप नेमण्यापूर्वी पोपचे राजदूत गुप्त प्रश्नपत्रिका पाठवून मते मागवतात आणि तीन नावे रोमला जातात. काळजीपूर्वक बांधलेली ही पद्धत कशी फसू शकते याचा पुरावा मंडळीने स्वतःच दिला आहे. अमेरिकेतील माजी कार्डिनल मॅकॅरिक यांच्या प्रकरणाचा विस्तृत अहवाल व्हॅटिकनने २०२० साली प्रसिद्ध केला. २००० साली त्यांची वॉशिंग्टनला नेमणूक होण्यापूर्वी त्यांच्या लैंगिक वर्तनाबद्दलच्या तक्रारी कानांवर आल्या होत्या, चौकशीही झाली होती, पण ज्या बिशपांना विचारण्यात आले त्यांच्यापैकी काहींनी अपुरी किंवा चुकीची माहिती दिली, असे त्यात नमूद आहे. ज्यांना सोसावे लागले होते त्या तरुण सेमिनरी-विद्यार्थ्यांपर्यंत प्रश्नपत्रिका पोहोचलीच नव्हती. विचारणारे बरोबरीच्यांना किंवा वरच्यांना विचारतात, आणि माणसाचा खरा स्वभाव त्याच्या हाताखालच्यांना कळतो. इंग्लंडपासून केरळापर्यंत घडलेल्या अशा अनेक प्रकरणांचे मूळ याच एका वगळण्यात आहे.

यावर उपाय नवा शोधावा लागणार नाही. पाळकपदासाठी कोणाची शिफारस करण्यापूर्वी पास्टोरेट कमिटीने त्याच्या शेजाऱ्याला, त्याच्या हाताखाली काम केलेल्या शिपायाला, संडे स्कूलमध्ये त्याच्याबरोबर शिकवणाऱ्या बाईला आणि मंडळीबाहेरच्या एखाद्या हिंदू वा मुसलमान दुकानदाराला भेटून विचारावे. एवढे केले तरी तीमथ्याच्या यादीतील निम्मी कलमे तपासून होतात. पूर्वेकडच्या मंडळ्यांत दीक्षेच्या वेळी हा योग्य आहे असा घोष लोकांकडून करवतात. अँग्लिकन दीक्षाविधीत, या माणसाविरुद्ध कोणाला काही ठाऊक असेल तर त्याने पुढे येऊन सांगावे, असे बिशप सर्वांदेखत विचारतो. वसईसारख्या कॅथलिक धर्मप्रांतांतही दीक्षार्थीचे नाव त्याच्या स्वतःच्या धर्मग्रामात जाहीर करून हरकती मागवण्याचा प्रघात आहे. हे प्रश्न विचारले जातात, चर्च भरलेले असते, आणि कोणीही काही बोलत नाही. विधी म्हणून जो प्रश्न विचारला त्याला विधी म्हणूनच शांतता मिळते. या लेखाच्या वाचकांपैकी जे कोणत्याही मंडळीचे सभासद असतील त्यांना विनंती आहे की पुढच्या वेळी आपल्या चर्चमध्ये असे नाव वाचले जाईल तेव्हा, बरे असो वा वाईट, जे आपल्याला प्रत्यक्ष ठाऊक आहे ते लेखी स्वरूपात, स्वतःच्या सहीने, विचारणाऱ्याकडे मुदतीच्या आत पोहोचते करावे.